कंट्रोलच्या आठ जणी

अ‍ॅनिमल हाउसमध्ये किस्से भुशासारखे साचतात. पिंजऱ्यातला भुसा सोमवारी बदला, गुरुवारी बदला, शुक्रवारी पुन्हा तेच. दोन वर्षं मी तो भुसा पाहिला, आणि आता तर स्वतःच झाडते, त्यामुळे माझ्याजवळ माल भरपूर आहे. मैत्रिणी भेटल्या की "तुझ्या उंदरांचं सांग ना" म्हणतात. नातेवाईक भेटले की "एम. फार्म. काहून सोडलं?" विचारतात. दोन्हीचं उत्तर एकच आहे. म्हणून एकदाच लिहून टाकते, म्हणजे पुढच्या लग्नात मला शांतपणे जेवता येईल.

नागपूरच्या बाहेर एक फार्मसी कॉलेज. त्याच्या मागच्या बाजूला एक लांब खोली. खोलीत चोवीस पांढऱ्या उंदीर-माद्या. माझा विषय पीसीओएस. पाळी लांबते, वजन चढतं, हनुवटीवर केस येतात, साखर बिघडते, बीजकोशात पाण्याचे फोड धरतात, तो आजार. औषध देऊन तो उंदरांत तयार करायचा आणि आमच्या सरांनी बनवलेल्या काढ्याने तो हटतो का ते पाहायचं. आठ जणींना नुसता आजार. आठ जणींना आजार आणि काढा. उरलेल्या आठ जणींना ना आजार, ना काढा, रोज नुसतं पाणी. या शेवटच्या आठ म्हणजे कंट्रोल. निरोगी मादी कशी असते, ते यांच्याकडे पाहून ठरणार. यांचं पान खोटं, तर बाकी सगळं रजिस्टर रद्दी.

एम. फार्म. सोडलं ते या आठ जणींच्या पानासाठी.

आणि हो, हा आजार मलाही आहे. सतराव्या वर्षापासून.

*

जनावरांवर काही करायचं तर आधी एथिक्स कमिटीची परवानगी लागते. टेबलापलीकडे पाच जण. पाचही पुरुष, आणि त्यांतला सगळ्यात लहानसुद्धा माझ्या बाबांपेक्षा मोठा. मी पाठ केल्यासारखं सांगितलं: लेट्रोझोल नावाचं औषध एकवीस दिवस रोज तोंडातून द्यायचं. पुरुषी हॉर्मोनपासून स्त्रीचं हॉर्मोन बनतं, ते बनणं या औषधाने अडतं. मग टेस्टोस्टेरॉन साचतं, बीज पिकत नाही, चक्र थांबतं, वजन वाढतं.

अध्यक्ष म्हणजे रिटायर झालेले एक प्रोफेसर. ते डोळे मिटून ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी डोळे उघडले. "माद्याच का घेतल्या? मादीचे हॉर्मोन रोज बदलतात. डेटा खराब होतो. नर घ्या."

सरांनी घसा खाकरला. "सर, विषय बीजकोशाचा आहे."

"ते ठीक आहे हो. पण नरात जमतं का, ते पाहा एकदा."

परवानगी मिळाली, कारण तेवढ्यात चहा आला. पण बैठकीच्या अहवालात ते वाक्य आजही आहे: नर वापरण्याच्या शक्यतेचा विचार व्हावा.

*

देविदास काका त्या खोलीचे अटेंडंट. रोज कन्हानहून येतात. मी जन्मले नव्हते तेव्हापासून उंदरांना दाणापाणी करून राहिले आहेत. सर आम्हाला बजावायचे की 'रॅट' म्हणा, 'अ‍ॅनिमल' म्हणा. काका त्यांना 'पोरी' म्हणतात.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "काहो मयुरी, उंदरीले पाळी येते का वं?"

मी सांगितलं की रक्त जात नाही, पण चक्र असतं, चार-पाच दिवसांचं. रोज सकाळी थेंबभर सलाइन आत सोडून परत घ्यायचं, काचेच्या पट्टीवर ठेवायचं आणि मायक्रोस्कोपखाली पेशी पाहायच्या. कुठल्या आकाराच्या पेशी जास्त आहेत, त्यावरून आज चक्र कुठे आहे ते कळतं. आजारी गटाची पट्टी मात्र रोज सारखीच दिसते. चक्र एका जागी अडकून बसलेलं असतं.

काकांनी झाडू बाजूला ठेवून विचार केला. "म्हंजे बाईचं महिन्याभराचं काम इले चार दिवसात उरकावं लागते. मंग आराम कव्हा करते बिचारी?"

आता आमचे सर पाहा. बायकांच्या हॉर्मोनवर त्यांचे इतके पेपर, पण 'पाळी' हा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही. या सगळ्या प्रकाराला ते 'सकाळचं काम' म्हणायचे. सेमिनारमध्ये एका पोराने विचारलं की सर, सकाळचं काम म्हणजे नेमकं काय? सर म्हणाले, मयुरी सांगेल. मी उभी राहिले आणि खणखणीत मराठीत सांगितलं की योनीतून थेंब घेऊन मादीच्या पाळीचं चक्र कुठे आहे ते पाहणे. सरांनी पाण्याची बाटली तोंडाला लावली ती माझं भाषण संपेपर्यंत काढली नाही.

*

आमच्या वहिनी, म्हणजे मावसभावाची बायको, नागपूरलाच बेसाला राहतात. चार वर्षं मूल होत नव्हतं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. वहिनींनी मला पाकीट दाखवलं आणि मी नाव दोनदा वाचलं. लेट्रोझोल! ज्याने मी उंदरांना आजारी पाडून राहिली होती, तेच.

मग बसून त्यांना समजावलं. बाईला ते पाळीच्या सुरुवातीला पाचच दिवस देतात. तेवढ्याने बीज पिकायला मदत होते. उंदराला आम्ही रोज, न थांबता, एकवीस दिवस देतो, म्हणून त्याचं सगळं यंत्र बंद पडतं. औषध तेच, देण्याची रीत वेगळी. वहिनींना लगेच समजलं.

सोफ्यावर त्यांचे सासरे, आमचे मावसाजी, बसले होते. दुनियेतल्या कुठल्याही विषयात त्यांना बोलता येतं. त्यांनी पाकीट हातात घेतलं. "पाचच दिवस काहून? एकवीस दिवस देल्लं तं लवकर नाई होणार का?"

वहिनींनी पाकीट त्यांच्या हातून काढून घेतलं आणि पर्समध्ये टाकून चेन लावली. त्या घरात इतक्या वर्षांत मी पाहिलेला तो सगळ्यात शहाणा निर्णय.

*

माझ्या आईचं ठाम मत आहे की माझं वजन माझ्या तोंडामुळे वाढतं. तोंड म्हणजे खाणं. बोलणं नाही, जरी त्याच्याबद्दलही तिचं मत आहेच.

एक दिवस मी आलेखाचा कागद घरी नेला. तिला दाखवलं: हे पाहा, निरोगी आणि आजारी, दोन्ही गटांना एकच दाणा, एकसारखे पिंजरे. किती खाल्लं ते आम्ही मोजतो. पहिल्या तीन आठवड्यांत आजारी गटाने जास्त काही खाल्लं नाही, तरी वजनाची रेघ वर गेली. हॉर्मोन बिघडलं की शरीर तेच अन्न वेगळ्या पद्धतीने साठवतं. उंदीर आळशी नसतो, त्याला मोबाइल नसतो, तो बाहेरचं खात नाही. तरीही चढलं.

आईने चष्मा लावून आलेख नीट पाहिला. मला वाटलं, बस, आज जिंकली मी.

"मंग त्याईले सकाळी फिरायले नेत जा," आई म्हणाली.

*

पालक सभेला आई आली. सरांनी तिच्याशी गोड बोलून विचारलं की मयुरीला काही त्रास वगैरे? आईने सांगून टाकलं. सरांनी कपाटातून बाटली काढली. काढा! आमच्या उंदरांना सुरू होऊन आठ दिवससुद्धा झाले नव्हते.

आईने बाटली देवघराजवळ ठेवली. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी वाटीभर काढा माझ्यासमोर. मी म्हटलं की हा चालतो की नाही हेच तर आम्ही पाहून राहिलो, अजून कोणालाच माहीत नाही. आई म्हणाली, एवढा मोठा माणूस खोटं सांगन काय?

मी काढा बेसिनमध्ये ओतत होते. पण मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं की आमच्या रजिस्टरमध्ये जे लिहिलं जाईल, ते माझ्याच स्वयंपाकघरात येऊन माझ्याच घशात उतरणार आहे. आणि माझ्यासारख्या कितीतरी जणींच्या, ज्यांना बेसिनपर्यंत जायचीही सोय नाही.

काकांना ही गोष्ट सांगितली. आमच्या उंदरांना ओळखीसाठी पिवळा रंग लावतात, कोणाच्या डोक्याला, कोणाच्या पाठीला, कोणाच्या शेपटीला. काकांनी रंगाची काडी उचलली. "म्हंजे तू पंचवीसवी. डोक्शाले लावू का शेपटीले?"

*

साखरेची तपासणी असली की उंदीर उपाशी ठेवतात. सकाळी ग्लुकोजचं पाणी पाजायचं आणि ठरलेल्या वेळांना शेपटीच्या टोकाचा थेंब घेऊन मशीनवर आकडा पाहायचा. आजारी गटाचे आकडे चढले की लवकर उतरत नाहीत.

एकदा पाहुणे आले होते. सर तर्री-पोहे खाऊन नुकतेच आले. मशीन किती अचूक आहे ते दाखवायला त्यांनी स्वतःच्याच बोटाला टोचलं. आकडा आला. आमच्या सगळ्यात बिघडलेल्या मादीपेक्षा वर!

सर हसले. म्हणाले, पट्ट्यांचा हा डबा खराब आहे.

मी म्हटलं, "सर, मग सकाळपासूनचे सगळे आकडे रद्द करावे लागतील. याच डब्यातल्या पट्ट्या आहेत."

"नाही नाही," सर म्हणाले. "उंदरांसाठी ठीक आहे."

*

सहाव्या आठवड्यात कंट्रोलच्या आठ जणी फुगायला लागल्या.

मी वजनकाटा तपासला. रंगाच्या खुणा पुन्हा पाहिल्या, कुठे पिंजरे बदलले की काय म्हणून. दाण्याचं पोतं तपासलं. सगळं बरोबर. तरी निरोगी गटाची रेघ आजारी गटाला मागे टाकून वर निघालेली. सकाळची पट्टी पाहावी तर चक्र एकदम व्यवस्थित. मला झोप लागेना.

मग एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी डबा विसरले म्हणून परत आले. काका पिंजऱ्यापुढे स्टुलावर बसले होते. मांडीवर डबा. पोळी-गूळ-तुपाचा मलिदा. एकेक तुकडा ते जाळीतून आत देत होते आणि आठही जणी मागच्या पायांवर उभ्या राहून घेत होत्या. फक्त कंट्रोलच्या. बाकीच्या पिंजऱ्यांकडे काका बघतसुद्धा नव्हते.

मी ओरडायला तोंड उघडलं, पण आधी एवढंच निघालं: काका, काहून गा?

"त्याईले औषध भेटते," काकांनी बाकीच्या पिंजऱ्यांकडे हात केला. "त्याईले औषध अन् काढाही भेटते. अन् या आठ जणीईले तुम्ही रोज नुसतं पाणी पाजता. मी महिनाभर पाहून राहिलो. एवढ्या शिकल्या-सवरल्या लोकाईत या पोरीईचं कोणीच नाई?"

एवढी वर्षं ते या खोलीत होते. किती जणांच्या डिग्र्या त्यांनी झाडलेल्या फरशीवर उभ्या राहिल्या. कंट्रोल म्हणजे काय, हे त्यांना एकानेही कधी सांगितलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

*

सरांना सांगितलं. मला वाटलं, रागावतील. ते रागावले नाहीत, आणि तेच वाईट होतं. त्यांनी कपाट उघडून दोन वर्षांपूर्वीचा एक प्रबंध काढला, धूळ झटकली आणि माझ्यापुढे ठेवला. त्यातले कंट्रोलचे आकडे घे, म्हणाले. पाणी प्यालेला उंदीर दरवर्षी सारखाच असतो.

मी म्हटलं की ते दुसरे उंदीर, दुसरा उन्हाळा, दुसरा दाणा. सगळं पहिल्यापासून करू. सरांनी समजावलं की वेळ नाही, सगळे करतात, तुझ्याच भल्यासाठी सांगतो. पुढे ते बाबांना फोन करणार होते, आणि त्यांनी केलाही. बाबा म्हणाले, सही करून दे, मोठ्या लोकांशी वाद घालू नये. आई म्हणाली, काढा पी. मावसाजींनी बेसाहून खास फोन करून त्यांचं मत दिलं, जे मी ऐकलं नाही.

रजिस्टरच्या प्रत्येक पानाखाली माझी सही लागायची. कंट्रोलच्या त्या पानाखाली मी केली नाही. उलट कमिटीला तीन ओळींचं पत्र दिलं: कंट्रोल गटाला बाहेरचं खाणं मिळालेलं आहे. हा अभ्यास ग्राह्य धरू नये. पुन्हा करावा.

कमिटीने काकांना बोलावलं. सरांनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की 'मी काही दिलं नाही' एवढंच म्हणायचं. पाच जणांसमोर काका हात बांधून उभे राहिले. अध्यक्षांनी विचारलं, तुम्ही या जनावरांना काही खायला दिलं?

"देल्लं," काका म्हणाले. "रोज देल्लं. गूळ संपला त्या दिवशी नुसती पोळी देल्ली."

अध्यक्षांनी डोळे मिटले. मग उघडले.

"तरी मी म्हणत होतो," ते म्हणाले, "नर घ्या."

*

अभ्यास रद्द झाला. अभ्यास संपला की जनावरं मारतात, त्या नियमाप्रमाणे चोवीस जणी गेल्या. त्या दिवशी काकांनी डबा उघडला नाही, आणि मीही नाही.

सरांनी मला विद्यार्थिनी म्हणून ठेवायला नकार दिला. दुसरा गाइड कोणी व्हायला तयार नव्हता, कारण सगळ्यांच्याच कपाटात जुने प्रबंध असतात. मी नाव काढून घेतलं. विषय माझी ज्युनिअर श्रद्धा हिला मिळाला, नवीन चोवीस जणी पुढे यायच्या होत्या.

श्रद्धा हुशार आहे, पण सरावाला दिलेल्या माझ्या जुन्या सकाळच्या पट्ट्या तिला वाचता येईनात. सगळ्या पेशी तिला सारख्याच दिसायच्या. सरांना तर त्या कधीच वाचता येत नव्हत्या. शेवटी त्यांनी काकांच्या हाती निरोप पाठवला: अटेंडंटची एक तात्पुरती जागा आहे, मयुरी येते का विचार.

घरी भूकंप. मास्टर्स सोडून उंदरांची घाण काढणार? लोकांना काय सांगायचं? मी म्हटलं, सांगा की पोरगी भुसा झाडते आणि रोज सकाळी पाळीचं चक्र पाहते. आई तीन दिवस बोलली नाही. घरात इतकी शांतता आधी कधी नव्हती.

मी सरांना एकच अट घातली. रजिस्टर माझ्याजवळ राहील, आणि त्यात पेन फक्त माझं चालेल. कंट्रोलच्या पानावर जे दिसेल तेच लिहिलं जाईल. काढा चालला तर चालला लिहीन, मोठ्या अक्षरात. नाही चालला तर तेही त्याच अक्षरात. सरांनी खिडकीबाहेर पाहत होकाराची मान हलवली.

काढ्याची बाटली अजून देवघराजवळच आहे. मी आईला सांगितलं आहे की माझ्या रजिस्टरचं शेवटचं पान भरेपर्यंत तिचं झाकण उघडायचं नाही.

*

नव्या बॅचचा पहिला दिवस. मी आणि काका दोघंच. त्याआधीच्या आठवड्यात मी त्यांना स्टुलावर बसवून सगळं सांगितलं होतं. कंट्रोल म्हणजे काय, या आठ जणींना काहीच न देणं हेच त्यांचं काम कसं आहे, आणि बाहेरचं जे खाणं एका गटाला मिळतं ते दुसऱ्याला नाही मिळालं तर हिशोब कसा चुकतो. काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, समजलं.

चोवीस जणींना पिवळा रंग लावून झाला. वजनं झाली. दुपारी काकांनी हात धुतले आणि डबा उघडून माझ्यापुढे धरला. आत मलिद्याचे तुकडे. सगळे एका मापाचे, सुरीने कापलेले, ओळीत लावलेले.

"या बारीले भेदभाव नाई," काका म्हणाले. "आजारवाली असो का पाण्यावाली असो. साऱ्याईले सारखं."

मी डब्याकडे पाहिलं, मग काकांकडे पाहिलं. काका, म्हटलं, कोणालेच नाही.

"कोणालेच नाई?"

"कोणालेच नाही. शेवटच्या दिवसापर्यंत."

काकांनी डब्याचं झाकण उचललं, पण लावलं नाही. पलीकडे चोवीस जणी जाळीला नाक लावून.

"मंग पंचवीसवीले?" काकांनी विचारलं.

मी तुकडे मोजले. पंचवीस होते.

मी काटा शून्यावर आणला. एक तुकडा त्यावर ठेवला. रजिस्टरचं पहिलं पान उघडून लिहिलं: बाहेरचं खाणं, मलिदा, एक तुकडा. पुढे वजन लिहिलं. कोणाला दिलं त्या रकान्यात लिहिलं: क्रमांक पंचवीस.

खाली सही केली, आणि मग खाल्ला.